हयातीचा दाखला आणि डोळ्यांची उघडझाप

'हयात' हा शब्द मूळचा अरबी, मराठीत आला फारसीच्या वाटेने. "आमच्या हयातीत असलं काही पाहिलं नाही," हे वाक्य प्रत्येक घरात निदान एका म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी असतंच. पण एकलहऱ्यात, म्हणजे जिथे निम्मी वस्ती 'थर्मल'मधून रिटायर झालेल्यांची आहे तिथे, हा शब्द एकाच कामासाठी जास्त वापरला जातो. हयातीचा दाखला. वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे कोणाला तरी पटवून द्यायचं. नाही पटलं तर पेन्शन थांबते.

गेल्या काही वर्षांत हे पटवून घेणारा 'कोणीतरी' बदलला. आधी तो बँकेतला साहेब होता, मग अंगठा घेणारं यंत्र आलं आणि आता मोबाईलचा कॅमेरा आहे. तो चेहरा बघतो आणि म्हणतो, डोळ्यांची उघडझाप करा. ही उघडझाप कशासाठी, ह्याचा शोध घेत गेलो तर फार मागे जावं लागलं. म्हटलं लिहून ठेवावं. आमच्या घरच्या मंडळींनी ह्यातलं बरंच माझ्याकडून तोंडी ऐकलेलं आहे, त्यांनी मधले परिच्छेद गाळले तरी चालतील.

सुरुवात घोड्यांपासून करू. अलाउद्दीन खिलजी (राज्यकाळ १२९६ ते १३१६) आणि पुढे अकबर, दोघांनाही एकच डोकेदुखी होती. सरदार हजार स्वारांचा पगार घेणार, प्रत्यक्षात पाळणार पाचशे. तपासणीच्या दिवशी भाड्याची माणसं आणि मागून आणलेली घोडी उभी करायची, झालं. त्यावर उपाय म्हणून घोड्याला डाग द्यायचा आणि स्वाराचा 'चेहरा' लिहून ठेवायचा. चेहरा म्हणजे अक्षरशः त्याच्या तोंडवळ्याचं वर्णन: वर्ण, कपाळ, भुवया, तीळ, व्रण. पुढच्या तपासणीला कागद हातात घेऊन समोरच्या माणसाशी ताडून बघायचा. आपल्या मराठीतला 'चेहरेपट्टी' हा शब्द मला तरी ह्याच घराण्यातला वाटतो. म्हणजे चेहरा बघून ओळख पटवणं ही काही संगणकाने आणलेली गोष्ट नव्हे. आणि ती फसवणं तर त्याहूनही जुनं.

ह्यात एक बारीक गोष्ट लपलेली आहे. कागदावरचा चेहरा 'हा कोण' एवढंच सांगतो. 'हा आत्ता इथे, जिवंत, स्वतः उभा आहे का' हे कागद सांगत नाही, ते बघणारा कारकून सांगतो. त्याच्यासमोर कोणी स्वाराचं चित्र धरलं असतं तर तो हसला असता. त्यामुळे हा दुसरा प्रश्न कित्येक शतकं कोणी वेगळा विचारलाच नाही. आपल्या दस्तांमध्ये त्यासाठी एक सुंदर शब्द आहे: समक्ष. अक्ष म्हणजे डोळा. डोळ्यांसमोर. "आम्हां समक्ष सही केली असे."

पण डोळ्यांसमोर माणूस असूनही फसवणूक होतेच की! मराठी माणसाला ह्याचं उदाहरण बाहेरून आणायची गरज नाही. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. भाऊसाहेब पडले. काशीराज पंडिताच्या फारसी वृत्तांतात शीर नसलेला देह खुणांवरून ओळखल्याची हकीकत आहे. तरी पुण्यात कित्येकांचा विश्वास बसला नाही. पार्वतीबाईंनी कुंकू पुसलं नाही, १७८३ मध्ये वारल्या तोवर त्या सधवेसारख्याच राहिल्या. अशा वाट बघणाऱ्या घरापुढे एक दिवस भाऊसाहेबांसारखा दिसणारा माणूस उभा राहिला. हा सुखलाल नावाचा कनोजी ब्राह्मण, बुंदेलखंडाकडचा. थोरल्या माधवरावांच्या काळात चौकशी होऊन तो तोतया ठरला आणि त्याला कैदेत टाकलं. पुढे रत्नागिरीच्या किल्ल्यावर असताना १७७६ मध्ये तिथल्या अधिकाऱ्याने, रामचंद्र नाईक परांजप्याने, त्याला सोडलं. मग कोकणातले किल्ले त्याच्याकडे जायला लागले, हजारोंनी माणसं त्याच्यामागे गेली, तो घाट चढून येतो की काय अशी धास्ती पडली. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे ह्यांनी त्याचा बीमोड केला, पळताना आंग्ऱ्यांनी धरलं आणि १७७६ च्या डिसेंबरात पुण्यात त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांचं 'तोतयाचे बंड' हे नाटक ह्याच प्रकरणावरचं.

तोतयाची गोष्ट मला इथे का आठवली? कारण तिथे जिवंतपणाबद्दल शंकाच नव्हती. माणूस जिताजागता होता, चेहराही जुळत होता, फक्त तो 'तो' नव्हता. आजची जी यंत्रं आहेत त्यांच्यापुढचा पेच नेमका उलटा आहे. चेहरा 'त्याचाच' असतो, शंभर टक्के त्याचा, पण तो कागदावर छापलेला असतो किंवा दुसऱ्या मोबाईलच्या पडद्यावर चालत असतो. तिथे माणूसच नसतो. (बंगालातल्या भवालच्या संन्याशाचा खटलाही ह्याच जातीचा. मेलेला म्हणून स्मशानात नेलेला राजकुमार बारा वर्षांनी साधू होऊन परत आला. १९४६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने शेवटी त्याच्या बाजूने निकाल दिला. पण तो विषय काढला तर हा लेख संपायचा नाही.)

आता पेन्शनकडे येतो. बोटांच्या ठशांचा इतिहास स्कॉटलंड यार्डपासून सांगायची पद्धत आहे, पण त्याचं मूळ आपल्याकडे आहे. १८५८ मध्ये बंगालात जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई ह्या ठेकेदाराकडून रस्त्याच्या खडीचा करार लिहून घेतला आणि मागे त्याच्या अख्ख्या पंजाचा ठसा उमटवून घेतला. पुढे हाच हर्शेल हुगळीला मॅजिस्ट्रेट झाला. १८७७ मध्ये त्याने ठसे सरकारी कामात आणले ते तीन ठिकाणी: दस्तनोंदणी, तुरुंग आणि पेन्शन! म्हातारा पेन्शनर वारल्यावर त्याच्या जागी दुसराच म्हातारा येऊन पैसे घेऊन जायचा, ते थांबवायला. तेव्हा ठशाचं जगातलं अगदी पहिल्यापहिल्यांतलं सरकारी काम कोणतं, तर हयातीचा दाखला. खुनी पकडणं वगैरे सगळं नंतरचं. कलकत्त्याचं ठशांचं कार्यालय १८९७ चं. ठशांचं वर्गीकरण बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस ह्या दोघांचा हात होता. पद्धतीला नाव मात्र साहेबाचं, हेन्रीचं, लागलं. असो.

हर्शेलचा अंगठा चालला कारण अंगठा उठवताना समोर कारकून बसलेला होता. मेणाचं बोट लावून कोणी आला असता तर दिसलं असतं. यंत्र आणि माणूस ह्यांच्यामध्ये कोणी बघणारा उरला नाही तेव्हा हे कवच गेलं. २००२ मध्ये जपानच्या योकोहामा विद्यापीठातल्या त्सुतोमु मात्सुमोतो ह्यांनी जिलेटिनची, म्हणजे आपण जेलीसाठी वापरतो त्याच पदार्थाची, बोटं बनवून त्या वेळची बाजारातली बहुतेक यंत्रं फसवून दाखवली. त्याच्या आधी, २००१ मध्ये, डोरोथी डेनिंग ह्या संगणक-सुरक्षेच्या अभ्यासक बाईंनी एक मुद्दा मांडला होता, तो मला फार पटतो. चेहरा आणि बोटं काही गुपित नसतात. चेहरा घेऊन तर आपण गावभर हिंडतो आणि बोटांचे ठसे प्रत्येक पेल्यावर ठेवून येतो. तेव्हा अशा ओळखीची सुरक्षितता गुप्ततेवर उभी राहूच शकत नाही. ती उभी आहे जिवंतपणावर, समोर आलेलं बोट आत्ता जित्या माणसाला चिकटलेलं आहे ह्यावर. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. चेहरा कुठून बदलणार?

चेहऱ्याचं यांत्रिक ओळखकाम तसं १९६० च्या दशकातच अमेरिकेत वुडी ब्लेडसो ह्यांनी सुरू केलं होतं. त्यात डोळ्यांच्या कडा, नाकाचं टोक ह्या खुणा माणूस हाताने भरायचा. १९९१ मध्ये टर्क आणि पेंटलंड ह्यांच्या पद्धतीने ते आपोआप व्हायला लागलं आणि २००१ मध्ये व्हायोला आणि जोन्स ह्यांनी चित्रात चेहरा कुठे आहे हे झटपट शोधायची युक्ती काढली. ह्या सगळ्यांचं लक्ष 'कोण' ह्या प्रश्नावर होतं. 'आहे का' हा प्रश्न फजिती झाल्यावर आला. २००९ मध्ये व्हिएतनामच्या संशोधकांनी तीन नामांकित कंपन्यांचे चेहरा बघून उघडणारे लॅपटॉप नुसता फोटो दाखवून उघडले. २०११ च्या अँड्रॉइड ४.० मध्ये चेहऱ्याने फोन उघडायची सोय आली आणि तीही फोटोला भुलली. म्हणून पुढच्याच वर्षी त्यात एक अट टाकली: डोळे मिचकावा. आपल्या उघडझापीचा मोबाईलमधला जन्म हा असा. संशोधकांनी तो विचार त्याआधीच, २००७ च्या सुमारास, मांडलेला होता.

डोळे का? कारण माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी हलवतोच आणि कागद हलवत नाही. साधं आणि स्वस्त. पण फसवणारेही काही हातावर हात ठेवून बसले नव्हते. कोणी फोटोचे डोळे कापून मागून आपले डोळे लावले, कोणी संगणकावर मिटलेल्या डोळ्यांचा दुसरा फोटो बनवून आळीपाळीने दाखवला, कोणी सरळ व्हिडिओच लावला. मग यंत्राने आणखी बघायला सुरुवात केली. कागद सपाट असतो, नाक सपाट नसतं. मान वळवली की खऱ्या चेहऱ्यात नाक आणि कान वेगवेगळ्या वेगाने सरकतात. पडद्याचा फोटो काढला की त्यावर बारीक लहरींची जाळी दिसते. छापील कागदावरचा उजेड कातडीवरच्यासारखा पडत नाही. २०१७ च्या आयफोनने तर तीस हजार अदृश्य ठिपके चेहऱ्यावर टाकून त्याचे उंचवटेच मोजले (त्याच वर्षी व्हिएतनामच्याच एका कंपनीने मुखवटा करून तोही उघडून दाखवला). आणि मला सगळ्यात थक्क करणारी युक्ती म्हणजे नाडी. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला चेहऱ्यात रक्त येतं आणि कातडीचा रंग किंचित बदलतो. आपल्याला दिसत नाही, साध्या कॅमेऱ्याला दिसतो. २००८ मध्ये हे साध्या कॅमेऱ्याने मोजून दाखवलं गेलं. वैद्यबुवा मनगट धरायचे, कॅमेरा गाल बघून नाडी सांगतो.

ह्या सगळ्याला नाशिकरोडच्या माणसाने फार परकं समजायचं कारण नाही. एकलहऱ्यापासून हाकेच्या अंतरावर दोन प्रेस आहेत. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ च्या सुमाराची, नोटांची प्रेस १९२८ ची. पिढ्यान् पिढ्या इथल्या घरांची चूल 'खरं आणि खोटं वेगळं ओळखू यावं' ह्या एकाच कामावर पेटली. नोट उजेडासमोर धरून जलचिन्ह बघायचं, म्हणजे दुसरं काय, तर कागदाची नाडीच बघायची. झेरॉक्समध्ये आकृती येते, कागदाच्या अंगातली जाडी-पातळी येत नाही. आणि आता तर चिप असलेले पासपोर्ट इथेच छापले जातात. त्या चिपमध्ये पासपोर्टवाल्याचा चेहरा साठवलेला असतो. पण चिप तरी काय सांगणार? 'कोण' एवढंच. विमानतळावर समोर उभा असलेला तोच आहे हे तिथे बघावं लागतं, माणसाने किंवा यंत्राने.

आपल्याकडची यंत्रणा कशी उभी राहिली तेही सांगतो. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला दिला गेला तो आपल्याच उत्तर महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. १० नोव्हेंबर २०१४ ला आधारवर चालणारा हयातीचा डिजिटल दाखला, 'जीवन प्रमाण', सुरू झाला. त्यात बोटाचा ठसा किंवा डोळ्याची बुबुळं लागायची. अडचण उघड होती. ज्यांना दाखला लागतो ते बहुतेक उतारवयातले आणि म्हातारपणी बोटांवरच्या रेषाच झिजतात. त्यातून ज्यांनी जन्मभर पाना-फावडं धरलं त्यांच्या रेषा आधीच गेलेल्या. म्हणून नोव्हेंबर २०२१ मध्ये चेहरा बघून दाखला द्यायची सोय आली. वेगळं यंत्र नको, घरातल्या कोणाच्याही मोबाईलवर होतं. ठशांच्या बाजूला दरम्यान सिलिकॉनच्या अंगठ्यांनी लोकांच्या खात्यातून पैसे काढायचे प्रकार वाढले होते. त्यामुळे २०२३ मध्ये आधारवाल्यांनी ठसा जिवंत बोटाचाच आहे का हे तपासणारी नवी पद्धत लावली.

हे सगळं बघायचं ते आमच्या अण्णांच्या निमित्ताने. अण्णा म्हणजे माझे थोरले काका, थर्मलमध्ये बॉयलरवर होते. जुने १४० मेगावॉटचे दोन संच, १९७० आणि ७१ चे, त्यांनी भर उमेदीत चालवले. ते दोन्ही २०११ मध्ये बंद झाले. २१० चे तीन नंतरचे. कोळशाच्या वाघिणी, गोदावरीचं पाणी, राख आणि तीन पाळ्या ह्यांत त्यांचं आयुष्य गेलं. पहिल्या वर्षी दाखला काढायला मी मोबाईल धरला तेव्हा अण्णांनी शर्ट बदलला, भांग पाडला आणि फोटोला बसतात तसे श्वास रोखून, डोळे वटारून ताठ बसले. फोटो म्हटला की डोळे मिटायचे नाहीत, हे पन्नास वर्षांचं वळण! आणि पडद्यावर तर उघडझाप करा म्हणून सूचना.

"अण्णा, डोळे मिटा."

"मिटू?"

"मिटा आणि उघडा."

अण्णा म्हणाले, "अरे, जिवंत आहे हे सांगायला डोळे मिटायचे, हे उलटंच झालं की!" काकू आतून म्हणाल्या, "मेलं ते यंत्र, मी सांगते ना जिवंत आहेत म्हणून. सकाळपासून तीनदा चहा झालाय."

काकूंची साक्ष कायद्यात बसत नाही. पण ती सगळ्यात पक्की आहे हे मान्य करावंच लागेल.

इथे गंमत संपते. अशा प्रत्येक यंत्राच्या दोन चुका असू शकतात. एक, खोट्याला खरा म्हणणं. दुसरी, खऱ्याला खोटा म्हणणं. २०१६-१७ मध्ये ह्या तपासणीसाठी आंतरराष्ट्रीय मानक आलं, त्यातही ह्या दोन चुका वेगवेगळ्या मोजायला सांगितल्या आहेत. कारण चाळणी बारीक केली की पहिली चूक कमी होते आणि दुसरी वाढते. दोन्ही एकाच वेळी शून्य होत नाहीत. पहिल्या चुकीत सरकारचे पैसे जातात. दुसरीत एका म्हाताऱ्या माणसाचे. ईपीएस-९५ ची किमान पेन्शन २०१४ पासून महिना हजार रुपये ठरलेली. त्या हजारासाठी ज्याला यंत्रापुढे तीन-तीनदा बसावं लागतं त्याच्या बाजूने बघा. पक्षाघाताने एक पापणी मिटत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन कालच झालंय. कंपवाताने चेहरा थिजलाय, पापणी हलते पण यंत्राला हवी तेवढी नाही. ही माणसं फोटोसारखी स्थिर आहेत, एवढाच त्यांचा गुन्हा.

आणि कागदावर मेलेला माणूस परत जिवंत होणं किती कठीण असतं ते आझमगडच्या लाल बिहारींना विचारा. नातेवाइकांनी जमिनीसाठी महसुली दप्तरात त्यांना १९७० च्या दशकात मृत दाखवलं. ते जिवंत आहेत हे दप्तरात यायला १९९४ साल उजाडलं. मधल्या काळात त्यांनी नावापुढे 'मृतक' लावलं, निवडणुका लढवल्या, आपल्यासारख्याच 'मेलेल्यां'चा संघ काढला. तिथे यंत्र नव्हतं. तलाठ्यासारखी हाडामासाची माणसं होती आणि लाल बिहारी त्यांच्या समक्ष उभे होते. तेव्हा माणूस असला की सगळं ठीक होतं, असं म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मी बसणार नाही.

उलटी फसवणूकही चालूच आहे. रोजगार हमीच्या कामांवर हजेरी मोबाईलवर फोटो काढून लावायची पद्धत आली आणि जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच पत्रक काढावं लागलं, की फोटोवरून फोटो काढून हजेऱ्या लावल्या जाताहेत. रोजगार हमी ही महाराष्ट्राची १९७२ च्या दुष्काळातली देणगी, आणि मस्टरवरची खोटी नावंही तिच्याबरोबरच म्हातारी झालेली. अकबराच्या तपासणीला आणलेली भाड्याची घोडी आठवली की नाही? २०२४ मध्ये तर अरूप ह्या मोठ्या अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँगमधल्या माणसाने व्हिडिओ मीटिंगमध्ये आपल्या वरिष्ठांना 'समक्ष' पाहून सुमारे अडीच कोटी डॉलर पाठवून दिले. मीटिंगमधले चेहरे संगणकाने बनवलेले होते. ते हलत होते, बोलत होते, पापण्याही मिचकावत असणार. म्हणून आता नुसतं कॅमेऱ्यापुढे काय आहे हे बघून भागत नाही. आलेलं चित्र खरोखर कॅमेऱ्यातून आलं की कॅमेरा बाजूला सारून मधूनच कोणी आत घुसवलं, हेही तपासावं लागतं.

ह्या सगळ्यात मला एक सोय मनापासून आवडली, तीही फारशी गाजली नाही. २०२० च्या नोव्हेंबरात, करोनात, पोस्टाच्या पेमेंट्स बँकेने पोस्टमनला यंत्र देऊन पेन्शनरांच्या दारात पाठवलं. सत्तर रुपयांत घरी येऊन दाखला. यंत्र आहेच, पण ते धरून एक माणूसही समोर बसलेला असतो. बोट उमटलं नाही तर तो पुसून परत लावायला सांगतो, उजेड कमी असेल तर खुर्ची दारात ओढतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी अशीच बँकेच्या कर्मचाऱ्याला घरी बोलवायचीही सोय असते, पण ती मागावी लागते आणि बऱ्याच जणांना ती आहे हेच ठाऊक नसतं.

ईपीएस-९५ वाल्यांना नोव्हेंबरचीच वाट बघावी लागत नाही, वर्षात कधीही दाखला दिला की तिथून बारा महिने चालतो. अण्णांचा मार्चमध्ये झाला. ह्या खेपेला खुर्ची खिडकीकडे तोंड करून ठेवली, चष्मा काढला आणि पहिल्याच उघडझापीला काम झालं. मग त्यांनी शेजारच्या दोघांना बोलावून घेतलं, दोघेही थर्मलचेच. तिघांचे दाखले झाले तोवर काकूंनी चौथा चहा टाकला होता.